पाणी कुठून येतं? जुन्या सॉफ्ट टॉप गाडीची घरच्या घरी डागडुजी

मे महिना लागला की आमच्या सोसायटीत दोनच विषय निघतात. टँकर कधी येणार, आणि पार्किंगमध्ये सीटा काढून बसलेला हा माणूस पसारा कधी आवरणार. तो माणूस म्हणजे मी. गाडी 2003 ची जिप्सी, कापडी टपाची, 1298 सीसीचं एमपीएफआय (म्हणजे पेट्रोल इंजेक्शनचं) इंजिन. कन्व्हर्टिबल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बटण दाबलं की छप्पर गडप होणारी लाल गाडी येते. आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या उघड्या टपाच्या जुन्या गाड्या म्हणजे बहुतेक जिप्सी, नाहीतर थार. त्यांचं छप्पर पाइप आणि कापडाचं. ते उतरवायला दोन माणसं आणि थोड्या शिव्या लागतात.

जिप्सी 1985 मध्ये आली आणि 2018-19 च्या सुमारास आपल्यासारख्या गिऱ्हाइकांसाठी बंद झाली. म्हणजे आज रस्त्यावर असलेली कुठलीही जिप्सी जुनीच. इंजिनाचं काम कुठलाही जाणता मेकॅनिक करून देतो, पार्टही मिळतात. या गाड्या मरतात त्या गंजाने. टपावर कापड असलं की पाणी आज ना उद्या आत येणारच. आलेलं पाणी बाहेर जातं की आतच मुरतं, यावर गाडीचं आयुष्य ठरतं.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. सगळ्यांना आधी नवं हूड, म्हणजे कापडी टप, हवं असतं, कारण ते दिसतं. मीही तेच केलं होतं. नवं कोरं हूड चढवलं, ताम्हिणीला जाऊन आलो आणि परत येईपर्यंत पायाशी डबकं. पाणी हूडमधून येतच नव्हतं. आता माझा क्रम असा असतो: आधी पाण्याची वाट शोधायची, मग तळ, मग रबरं, आणि हूड सगळ्यात शेवटी.

झारी घ्या, पाइप नको

गळती शोधायला बहुतेक जण गाडीवर पाइप सोडतात. पाइपाच्या जोरामुळे पाणी अशा जागीही घुसतं जिथे पावसाचं कधी जाणार नाही, आणि आपण भलत्याच फटीत सिलिकॉन भरत बसतो. शिवाय मे महिन्यात पुण्यात पाइप घेऊन गाडीपाशी उभ्या राहिलेल्या माणसाकडे लोक ज्या नजरेने बघतात, ती मला तरी सोसत नाही. कुंड्यांना पाणी घालायची दहा लिटरची झारी घ्या. तिचं पाणी पावसासारखं पडतं आणि तीन-चार झाऱ्यांत काम भागतं.

सीटा आणि मॅट बाहेर काढा. तळावर जुनी वर्तमानपत्रं अंथरा, म्हणजे पहिला थेंब कुठे पडला ते डाग सांगतो. एकाने टॉर्च आणि खडू घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाणी घालायचं. सुरुवात खालून करायची: दाराची खालची कड, दाराच्या उभ्या कडा, पुढच्या काचेच्या चौकटीची खालची बाजू, तिचे वरचे कोपरे, आणि शेवटी हूडच्या शिवणी. प्रत्येक जागेला पाच मिनिटं तरी द्या. वरून सुरुवात केलीत तर पाणी ओघळत सगळीकडे जाईल आणि तुम्हाला काहीच कळणार नाही.

माझ्या गाडीत आत बसायचं काम भाचीकडे असतं. मागे एकदा ती ओरडली, "मामा, आलं! पण वरून नाही, वायरीवरून येतंय." खरंच, काचेच्या चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात रबर आकसलं होतं. तिथून शिरलेलं पाणी डॅशबोर्डच्या मागे वायरिंगच्या जुडग्यावरून घरंगळत येऊन बरोबर गुडघ्याच्या जागी टपकत होतं. थेंब पडायची जागा आणि पाणी शिरायची जागा यांत दोन फुटांचं अंतर! थेंब दिसला की बोटाने नाही, टॉर्चने उलट्या दिशेने माग काढा. बोटाने पुसलात तर माग गेला. आणि वायरी कनेक्टरमध्ये शिरण्याआधी थोड्या खाली लोंबतील अशा बांधा. मग पाणी त्या झोळाच्या तळाशी गळून पडतं, कनेक्टरपर्यंत पोहोचत नाही.

दारांच्या रबराची परीक्षा कोरडीही होते. कागदाची पट्टी रबरावर ठेवून दार लावा आणि पट्टी ओढा. अडकत अडकत आली तर रबर धरतंय. सुळकन निघाली तर तिथे खडूची खूण करा.

एका मित्राकडे परदेशी बनावटीची दोन सीटांची गाडी आहे. तिचं हूड सीटांच्या मागे घडी होऊन बसतं. अशा गाड्यांत हूडवरून उतरलेलं पाणी सीटांमागच्या दोन कोपऱ्यांतल्या नळ्यांनी गाडीखाली जातं. त्याच्या नळ्या गुलमोहराच्या पाकळ्यांनी गच्च भरल्या होत्या आणि पाणी कार्पेटखाली साठत होतं. गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी हलक्या हाताने आत फिरवा, मग कपभर पाणी ओता आणि ते गाडीखाली पडतंय ना ते बघा. लोखंडी तार घालू नका आणि हवाही मारू नका. आतली नळी निसटली तर अर्धी गाडी खोलावी लागते.

तळ: इथे घाई नको

मॅटखालचं नमदा किंवा फेल्टचं अस्तर हाताला ओलसर लागलं तर ते वाळवून परत घालायच्या भानगडीत पडू नका, फेकून द्या. स्पंजासारखं ते महिनोन्महिने पाणी धरून ठेवतं. तळाला रबरी बुचं असतात. ती काढून भोकं स्वच्छ करा, तडकलेली बुचं बदला. मी पावसाळ्यात लांब जाताना मागची दोन बुचं काढूनच ठेवतो. खालून थोडा चिखल उडतो, पण आलेलं पाणी निघून जातं.

आता पत्रा तपासायचा. दोन अवजारं पुरतात, स्क्रू-ड्रायव्हरची मूठ आणि लोहचुंबक. मुठीने तळावर ठोकत जा. चांगला पत्रा 'टण्' वाजतो, सडलेला 'ठप्'. जिथे चुंबक धरत नाही तिथे पूर्वीच्या कुणीतरी लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलेला आहे असं समजा. सीटांच्या बोल्टांभोवती, मागच्या चाकांच्या कमानींवर, दारांच्या उंबऱ्यात, आणि बॉडी जिथे चॅसीवर रबरी गोट्यांवर बसते तिथे जास्त वेळ द्या. तिथे दोन पत्रे एकावर एक येतात आणि मधे पाणी दडून बसतं.

वरवरचा गंज घरी निघतो. तारेचा ब्रश, मग 80 नंबरचा पॉलिश पेपर. ग्राइंडरला तारेची वाटी लावणार असाल तर चष्मा घालाच, कारण तुटलेली तार सुईसारखी उडते. सुटा गंज निघाल्यावर फॉस्फोरिक आम्लाचं गंजरोधक द्रावण ब्रशने लावा, हातमोजे घालून. उरलासुरला गंज हळूहळू काळपट पडतो. एक दिवस थांबा. मग इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, पत्र्यांच्या जोडांवर सीम सीलर (फटी बुजवायची पेस्ट), आणि त्यावर रंग. नुसता प्रायमर उघडा ठेवून पावसाळ्याची वाट बघू नका. म्हणूनच हे काम एप्रिल-मेमध्ये करायचं. त्या दिवसांत पुण्याची हवा कोरडी असते आणि सकाळी दिलेला रंगाचा हात संध्याकाळपर्यंत वाळतो.

भोक पडलं असेल तर फायबर किंवा लांबी लावून फसवू नका, विशेषतः सीट आणि बेल्टच्या बोल्टांजवळ. सडलेला भाग कापून 18 किंवा 20 गेजचा पत्रा वेल्ड करावा लागतो. माझ्याकडे वेल्डिंग मशीन नाही आणि सोसायटीतही ते चालणार नाही. मी कापणं, साफ करणं, पुठ्ठ्याचा साचा करून पत्रा कापून घेणं एवढं घरी करतो आणि डेंटरकडे फक्त जोडायला जातो. सीओटू वेल्डिंगच सांगा. गॅसच्या आचेने पातळ पत्रा पापडासारखा वाकडा होतो. त्याआधी बॅटरीची मायनस केबल आणि एमपीएफआय गाडीत इसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) प्लग स्वतः काढून ठेवा. पेट्रोलची टाकी आणि पाइप जवळ असतील तर ते उतरवल्याशिवाय ठिणगी पडू देऊ नका.

जोडलेला भाग दोन्ही बाजूंनी रंगवला गेला का, ते वाकून बघा. एका गॅरेजने मला वरून छान प्रायमर मारून दिला आणि खाली उघड्या वेल्डवर थेट डांबरी कोटिंग फासलं. काळं दिसत होतं म्हणून मीही खूश. दोन पावसाळ्यांनी कोटिंगचा पोपडा बोटाने सोलला तर त्याला चिकटून पत्र्याचाही पापुद्रा आला. गंजावर फासलेलं डांबर गंजाला पांघरूण घालतं. आधी प्रायमर, मग सीलर, मग कोटिंग. चॅसीच्या पोकळ भागात पातळ मेणाचा स्प्रे लांब नळीने मारा, पण चॅसीची खालची भोकं बुजवू नका. ती पाणी निघायलाच ठेवलेली असतात.

चॅसी घासायला घेण्याआधी चॅसी नंबर कोरलेली जागा शोधा. तिच्यावर ग्रीस लावून टेप चिकटवा. ग्राइंडर फिरला किंवा जाड रंग चढला तर पुढे नंबरचा ठसा उमटत नाही, आणि 15 वर्षांनंतर नोंदणी वाढवायला संगम पुलाजवळच्या आरटीओत गेलात की तो ठसा लागतो. नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं असतं, म्हणजे हे परत परत होणार. आणखी एक: आरसीवर गाडी सॉफ्ट टॉप असेल तर परवानगी न घेता तिच्यावर कायमचं पत्र्याचं टप चढवू नका. मूळ नोंदीत बसणार नाही असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये अडकतो.

कोकणात जाऊन पुळणीवर गाडी घालायची हौस असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने गाडी खालून धुवा. पुण्यात आल्यावर धुऊ म्हणालात तर घाट चढेपर्यंत मीठ पत्र्यांच्या जोडांत जाऊन बसलेलं असतं.

रबरं

जुनं रबर फेकण्याआधी त्याचा दोन इंचाचा तुकडा कापून खिशात टाका आणि नाना पेठेत जा. "जिप्सीच्या दाराचं रबर द्या" म्हटलं की जे हाताला येईल ते मिळतं. तुकडा दाखवला की मापाचं मिळतं. बसवताना रबर ताणू नका. ताणून बसवलेलं रबर महिन्याभरात आकसतं आणि कोपऱ्यात फट पाडतं, माझ्या काचेच्या चौकटीत हेच झालं होतं. उलट कोपऱ्यात ते थोडं आत ढकलून जास्तीचं बसवा. जोड दाराच्या खालच्या कडेला यायला हवा. बसवून झाल्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. इंजिन ऑइल, रॉकेल, डिझेल काही लावू नका, रबर फुगून मऊ पडतं.

हूड

आता हूड. जुनं असेल तर आधी वाचवता येतं का बघा. कापड शाबूत आणि फक्त टाके उसवले असतील तर नवं घ्यायची गरज नाही. दाभण, मोच्याची आरी आणि जाड पॉलिस्टरचा दोरा आणा. सुती दोरा नको, पावसात कुजतो. दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून एकाच भोकातून समोरासमोर टाका घाला. मग एक टाका तुटला तरी शिवण उसवत जात नाही. भोकं शक्यतो जुनीच वापरा. प्रत्येक नवं भोक म्हणजे पाण्याला नवं दार. शिवल्यावर आतून शिवणीवर मेणबत्ती घासून हेअर ड्रायरने जरा ऊब द्या, मेण भोकात उतरतं.

फाटलं असेल तर ठिगळ आतून आणि बाहेरून, कोपरे गोल कापून. चौकोनी कोपरा वाऱ्याने आधी सुटतो.

कापड धुवायला सौम्य साबण, मऊ ब्रश आणि भरपूर पाणी. ब्लीच, थिनर, पेट्रोल यांना हात लावू नका. बुरशीचे डाग असतील तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून लावा, अर्धा तास ठेवा, धुवा. पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका. ओलं हूड घडी करून ठेवलं की आठ दिवसांत त्याला कुबट वास येतो आणि तो मग पाठ सोडत नाही.

मागच्या पारदर्शक प्लास्टिकच्या खिडक्यांचं दुखणं वेगळं. धूळ बसलेली असताना कोरड्या फडक्याने पुसलंत की बारीक ओरखडे उठतात, आणि रात्री मागच्या गाडीचा लाइट पडला की सगळं धुरकट दिसतं. आधी नुसतं पाणी ओतायचं, मग ओल्या मऊ कापडाने. काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे वापरू नका. घडी घालताना मधे जुनं सुती धोतर किंवा साडी ठेवा. डिसेंबरच्या सकाळी पुण्यात हे प्लास्टिक कडक झालेलं असतं. ते तसंच दुमडलंत तर तडकतं. आधी तासभर उन्हात ठेवा.

हूडच्या चेनला (झिपला) मेण, तेल नाही. टिचबटणं पितळी किंवा स्टेनलेसची. लोखंडी बटण कापडावर तांबडा ओघळ सोडतं.

नवंच शिवायचं ठरलं तर सीट कव्हर शिवणाऱ्या कुशनवाल्यापेक्षा रिक्षाचं हूड शिवणारा कारागीर शोधा, असं माझं मत. कुशनवाल्याचं कापड फोमवर बसतं. रिक्षावाल्याचं पाइपवर ताणून बसतं आणि वर्षभर ऊन-पाऊस खातं. मी भवानी पेठेच्या बाजूला एका काकांकडे गेलो. त्यांनी माझं जुनं हूड जमिनीवर पसरलं, त्यावर चप्पल काढून बसले, आणि मापाची टेप न काढता आधी पुढच्या कडेची झीज हाताने चाचपली. म्हणाले, "हे एका बाजूने जास्त ओढलंय. तुम्ही चढवताना ड्रायव्हरच्या बाजूने सुरुवात करता ना?" करत होतो.

चढवायची त्यांची रीत आता माझी रीत आहे. आधी सांगाडा बघा. पाइपांच्या सांध्यातले बोल्ट झिजून ढिले झाले असतील तर नायलॉनचे वॉशर घाला, आणि पाइप कापडाला घासतो तिथे फेल्टची पट्टी गुंडाळा. मेच्या दुपारी, उन्हात, हूड गाडीवर नुसतं पसरून तासभर सोडा. कापड नरम पडतं. मग पुढची कड काचेच्या चौकटीत मधोमध अडकवा, मागची मधोमध अडकवा, आणि दोन्ही बाजू आलटून पालटून थोड्या थोड्या ओढत कडेला जा. पहिल्या दिवशी पूर्ण ताण देऊ नका. रात्रभर तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी दुपारी सुरकुत्या कुठे उरल्यात ते दिसतं. तेव्हा ताण द्यायचा आणि मगच बटणांच्या जागा खडूने खुणवून भोकं पाडायची. थंड कापडावर आखून भोकं पाडलीत तर उन्हात बटणं सैल पडतात.

बाकी गाडी, थोडक्यात

वायरिंगमध्ये आधी अर्थ, म्हणजे बॅटरीच्या मायनसची बॉडीशी असलेली जोडणी, बघा. दिवे मंद, हॉर्न किरकिरा, इंडिकेटर लावला की मीटरची लाइट लुकलुकते, याचं मूळ बहुतेक वेळा बॉडीच्या गंजलेल्या अर्थच्या बोल्टात असतं. हेडलाइट चालू ठेवून मल्टिमीटरची एक टोच बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी बॉडीला लावा. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थच्या जागा घासून पांढऱ्या करा, घट्ट बसवा आणि वर पेट्रोलियम जेली लावा. बंद गाडीत बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 हवी.

पेट्रोलचे रबरी पाइप मात्र यंदा बघाच. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि वीस वर्षांपूर्वीची रबरं त्यासाठी केलेली नाहीत. पाइप दुमडून बघा. वर बारीक चिरा दिसल्या किंवा हाताला पेट्रोलचा वास राहिला तर इथेनॉलला टिकणारा, इंजेक्शनच्या दाबाचा पाइप घाला, क्लॅम्पसकट. काम करण्याआधी सिस्टीममधला दाब सोडा आणि जवळ कुणी सिगारेट ओढत नाही ना ते बघा.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, दोन वर्षांनी बदला. टायरवर चार आकडी शिक्का असतो. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. ही गाडी वर्षाला फार चालत नाही, त्यामुळे नक्षी नवी दिसते आणि रबर मात्र लाकूड झालेलं असतं. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते आठवत नसेल तर बदला. प्रॉपेलर शाफ्टच्या निपलमध्ये ग्रीस भरा, पाण्यातून गाडी गेली असेल तर लगेच. आणि गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर भरवसा नको. चॅसीखाली लोखंडी घोड्या लावा, चाकांना दगड लावा, मगच आडवे व्हा.

एवढं झालं की जूनच्या पहिल्या आठवड्यात परत झारी, परत वर्तमानपत्रं, परत भाची आत. यंदा तळ कोरडा राहिला, दारं कोरडी. फक्त हूड आणि काचेची चौकट मिळतात तिथे, उजव्या कोपऱ्यात, चार मिनिटांनी एक थेंब येतो. बटण अर्धा इंच पुढे घेऊन बघितलं, फेल्ट घालून बघितलं. या रविवारी काकांकडे परत जाणार आहे. तोवर ड्रायव्हरच्या बाजूला एक पंचा ठेवलाय.